उष्ण कटिबंधातलं बारसं

आमचा भाचा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आणि नापास मी होतो. हॉलमधल्या दिवाणावर तो पाय पसरून बसतो, मांडीवर जाडजूड गाईड, कानामागे पेन्सिल. मी पेपर उघडला रे उघडला, की त्याला माझी आठवण होते.

"मामा, जोड्या लावा."

हा 'जोड्या लावा' प्रकार ज्याने काढला, त्याला जगात कोणी एकटं राहिलेलं बघवत नसणार. 'अ' गटात हरिकेन, टायफून, सायक्लोन, विली-विली आणि बागुइओ अशी पाच उपवर स्थळं. 'ब' गटात चीनचा समुद्र, हिंदी महासागर, वेस्ट इंडीज, ऑस्ट्रेलिया आणि फिलिपिन्स.

"वादळ ते वादळ," मी म्हणालो. "छप्पर उडालं की झालं."

"छप्पर कुठल्या समुद्राकाठचं, याला दोन मार्क आहेत, मामा."

तसं पाहिलं तर माझंही काही चुकत नव्हतं. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं, दमट हवा वर चढू लागली, खाली दाब उतरला, आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावली आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिला वळण लागलं, की चक्रीवादळ तयार. विषुववृत्ताच्या उत्तरेला ते घड्याळाच्या उलट फिरतं, दक्षिणेला घड्याळाप्रमाणे. हेच अटलांटिकमध्ये झालं तर हरिकेन, प्रशांत महासागराच्या वायव्येला झालं तर टायफून आणि आपल्या बाजूला झालं तर सायक्लोन. फरक वादळात नाही, पत्त्यात आहे.

पण विली-विलीबद्दल मला शंका होती. माझी मावसबहीण पर्थला असते. तिला फोन लावला.

"विली-विली? ती धुळीची वावटळ रे. परवा पार्किंगमध्ये आली आणि कुणाची तरी टोपी घेऊन गेली."

"मग वादळाला काय म्हणता तुमच्याकडे?"

"सायक्लोन. तुम्ही म्हणता तेच. दादा, तुझी तब्येत बरी आहे ना? इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेत."

फार पूर्वी तिथल्या वायव्य किनाऱ्यावर वादळालाही विली-विली म्हणायचे, हे खरं. पण ऑस्ट्रेलियाने तो शब्द वावटळीला देऊन टाकला. आमच्या गाईडांनी मात्र अजून सोडलेला नाही. मी ही ताजी बातमी भाच्याला दिली. त्याने पेन्सिल कानामागून काढली, खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "मावशीचं बरोबर असेल. पण उत्तरतालिका मावशीकडे नाही."

बागुइओचीही तीच गत. फिलिपिन्सची माणसं वादळाला 'बाग्यो' म्हणतात. बागुइओ हे त्यांच्या डोंगरातलं थंड हवेचं गाव. म्हणजे कुणीतरी पावसाला 'महाबळेश्वर' म्हणावं आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या अधिकारी भरती व्हावेत, असा हा प्रकार. आता त्या बागुइओत १९११ सालच्या जुलैत एका वादळाने एका दिवसात अकराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडला होता, तेव्हा गाईडवाल्यांना संशयाचा थोडा फायदा द्यायला हरकत नाही.

सगळ्यात मोठी पंचाईत 'जॉन'ने केली. हे १९९४ सालचं वादळ. पूर्व प्रशांतात जन्मलं म्हणून हरिकेन. पश्चिमेकडे चालत चालत त्याने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, तर त्याचं टायफून झालं. तिथे थोडं रेंगाळलं, माघारी फिरलं, पुन्हा रेषा ओलांडली, पुन्हा जोर धरला आणि परत हरिकेन! महिनाभर ते समुद्रावर भटकत होतं. पदनाम बदललं, पुन्हा बदललं, काम तेच. आमच्या ऑफिसात अशी दोन-तीन माणसं होती.

"मग याचं उत्तर काय लिहायचं?" भाचा हवालदिल झाला.

"परीक्षकाला विचार, किती तारखेचं?"

जपानी लोकांनी या भानगडीतून सरळ मार्ग काढला. ते वर्षभरातल्या वादळांना एक, दोन, तीन असे क्रमांक देतात. २०१९ च्या ऑक्टोबरात टोकियोची दाणादाण उडवणारं 'हगिबिस' जगाला हगिबिस होतं, जपान्याला मात्र 'यंदाचं एकोणीस नंबर'. याच्या अगदी उलट फिलिपिन्स. जगाने ठेवलेलं नाव त्यांना पुरत नाही, त्यांची हवामान संस्था स्वतःचं वेगळं ठेवते. २०१३ साली ज्या वादळाला साऱ्या जगाने 'हैयान' म्हटलं, ते त्यांच्या घरात 'योलांडा' होतं. पाळण्यातलं एक, शाळेतलं एक. आपल्याला हे समजायला अजिबात जड नाही. माझ्या दाखल्यावरचं नाव माझ्या सख्ख्या आत्यालाही ठाऊक नाही.

आमच्या आईला यातलं काहीच पटत नाही. टीव्हीवर बाई सांगत होती, "अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झालं असून उद्यापर्यंत त्याचं डीप डिप्रेशनमध्ये रूपांतर होईल." आई भाजी निवडत होती. म्हणाली, "समुद्राला कसलं आलंय डिप्रेशन? ना घराचे हप्ते, ना पोरांच्या फिया." मी तिला समजावलं की वाऱ्याचा वेग ताशी एकसष्ट किलोमीटरपर्यंत असेल तर ते नुसतंच डिप्रेशन, बासष्टला पोचलं की चक्रीवादळ आणि मग त्याला नाव मिळतं. "म्हणजे डिप्रेशन वाढलं की बारसं करतात," आई म्हणाली. "आमच्या वेळी उलट होतं. आधी बारसं व्हायचं."

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर मराठीचे निवृत्त सर राहतात आणि तिसऱ्या मजल्यावर एक हौशी हवामानतज्ज्ञ. तज्ज्ञांच्या फोनवर पाच देशांची हवामानाची ॲपं आहेत. वादळाची चाहूल लागली की ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला वेग सांगतात. अमेरिकन ॲप दीडशे म्हणतं, आपलं खातं एकशे तीस. "सरकार लपवतंय!" असं ते हळू आवाजात म्हणतात. लपवालपवी काही नसते. अमेरिकन लोक वाऱ्याची एका मिनिटाची सरासरी काढतात, आपण तीन मिनिटांची, जगात बरेच जण दहा मिनिटांची. जितका वेळ जास्त मोजाल तितका वारा सरासरीत मऊ पडतो. हे मी त्यांना एकदा सांगायला गेलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जिन्याने खाली उतरलो.

बरं, 'सायक्लोन' हा शब्द आपल्याला साहेबाकडून आला अशी आपली समजूत. साहेबाकडून आला खरा, पण तो साहेब कलकत्त्यात बसला होता. हेन्री पिडिंग्टन त्याचं नाव. जहाजांच्या रोजनाम्यांतून वादळांच्या नोंदी वेचणं हा त्याचा नाद. वादळातला वारा सापाच्या वेटोळ्यासारखा फिरतो हे त्याच्या मनावर ठसलं, आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने 'सायक्लोन' हा शब्द ग्रीकवरून घडवला. याच पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरलला जाहीर पत्र लिहून बजावलं, की मातला नदीच्या काठी नवं बंदर बांधू नका, एक दिवस वादळाबरोबर समुद्र आत येईल आणि सगळं धुऊन नेईल. सरकारने पत्राची योग्य ती दखल घेतली, म्हणजे बंदर बांधलं. कॅनिंग साहेबाचं नावही दिलं. १८६७ साली वादळ आलं आणि बंदर मोडून गेलं. पिडिंग्टन १८५८ मध्येच वारला होता, त्यामुळे "मी सांगत नव्हतो?" असं म्हणण्याचा निखळ आनंदही बिचाऱ्याला मिळाला नाही.

वादळांना माणसांची नावं देण्याची खोडी मात्र क्लेमेंट रॅग या क्वीन्सलँडच्या हवामानतज्ज्ञाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्याने आधी पुराणातली नावं दिली, मग दक्षिण सागरातल्या सुंदर मुलींची, आणि मग ज्या पुढाऱ्यांशी त्याचं पटत नसे त्यांची. अमुक पुढारी प्रशांत महासागरात दिशाहीन भटकतो आहे, असं सरकारी हवामान वृत्तात छापून आणण्याची सोय त्याने करून घेतली होती. आपल्याकडे ही पद्धत आली नाही हे बरंच झालं. अमुक साहेब कोणत्या किनाऱ्याला लागणार हे शेवटच्या रात्रीपर्यंत कळलं नसतं, आणि सकाळी पाहावं तर वादळाने दिशाही बदललेली, पक्षही.

अमेरिकेने १९५३ पासून फक्त बायकांची नावं ठेवली. बायकांनी याचा योग्य शब्दांत समाचार घेतल्यावर १९७९ पासून अटलांटिकच्या यादीत पुरुषांनाही स्थान मिळालं. आमची ही म्हणते, "एवढी पंचवीस-सव्वीस वर्षं कशाला लागली? घरात विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

आपल्या समुद्रांचा नामकरणविधी त्या मानाने नवा, २००४ पासूनचा. आधी आठ देश होते, आता तेरा आहेत. प्रत्येकाने तेरा नावं द्यायची, एकूण एकशे एकोणसत्तर. नाव इंग्रजी आठ अक्षरांच्या आत हवं, त्यात राजकारण नको, धर्म नको, स्त्री-पुरुष भेद नको, कुणाचं मन दुखावता कामा नये. एवढ्या अटी आमच्या घरातल्या बारशांनाही कधी पाळल्या गेल्या नाहीत. आणि अटी असूनही दुखावायचं ते दुखावतंच. २०१३ साली श्रीलंकेने दिलेलं 'महासेन' हे नाव खुद्द श्रीलंकेतच खपलं नाही. ज्या राजाने तळी बांधून सुबत्ता आणली त्याचं नाव या विध्वंसाला का, म्हणून लोक रागावले, आणि वादळाचं नाव बदलून 'वियारू' करावं लागलं.

नावांवरून देशांचा स्वभाव मात्र कळतो. पाकिस्तानने आजवर पाठवलेली नावं पाहा: नर्गिस, लैला, नीलोफर, वर्दा, तितली, बुलबुल, गुलाब. मुशायऱ्याची पत्रिका असावी तशी यादी. यातल्या नर्गिसने २००८ साली म्यानमारमध्ये लाखाहून अधिक माणसं नेली, तेव्हा नाव ऐकून पाट मांडू नये हे उत्तम. भारताची यादी वेगळ्याच तोऱ्याची: व्योम, नीर, अंबुद, जलधी, प्रभंजन, वेग. ही वादळं आहेत की कोथरूडमधल्या गृहरचना संस्था? 'अंबुदचं पाणी गेलं' हे वाक्य ऐकून माणसाने टँकर मागवावा की गच्चीवर पळावं?

२०२१ च्या मे महिन्यात म्यानमारने दिलेलं नाव घेऊन एक वादळ आलं. ते कसं वाचायचं यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे झालं, त्यापुढे समुद्रात चाललं होतं ते किरकोळ. एका पेपरात 'तौक्ते', दुसऱ्यात 'तोक्ते', तिसऱ्यात 'टाउक्टे'. सरांनी भलामोठा संदेश टाकला, की त्यातला 'क' उच्चारायचा नाही, ते 'ताउते' आहे, ब्रह्मदेशी भाषेत त्याचा अर्थ मोठ्याने ओरडणारी पाल. त्यावर 'पाल' शब्दामुळे महिला मंडळाने नाकं मुरडली. कुणी पाल घालवायला मोराचं पीस सांगितलं, कुणी अंड्याची टरफलं. या धुमश्चक्रीत सेक्रेटरींचा 'गच्चीवरच्या टाकीचं झाकण कुणीतरी बांधून घ्या' हा निरोप वर वर सरकत कुठल्या कुठे गेला. दुपारी झाकण उडालं. ते गच्चीवरून गिरकी घेत निघालं, गुलमोहराला शिवलं आणि सेक्रेटरींच्याच गाडीच्या टपावर जाऊन बसलं. फोटो लगेच ग्रुपवर आला. खाली पहिली प्रतिक्रिया सरांची: "फोटोखाली कृपया 'ताउते' लिहावे."

दोन वर्षांनी 'बिपरजॉय' आलं तेव्हा तर सर दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. "अहो, तो विपर्यय आहे, विपर्यय! बंगाल्यांनी व चा ब केला, ते चालतं. पण हा 'जॉय' कुठून आणलात?"

आमच्या दादाची दिवेआगरला वाडी आहे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दुपारभरात वाडी भुईसपाट झाली. पोफळी एकमेकींवर आडव्या, नारळ शेंड्यापासून मुरगळलेले, कौलं शेजाऱ्याच्या अंगणात आणि शेजाऱ्याचे पत्रे आमच्या विहिरीत. वीज नाही, फोन नाही, वर करोनाचे दिवस. तशात पंचनाम्याला माणूस आला. दादा हा प्रसंग अजूनही उभं राहून सांगतो.

"नुकसानीचं कारण?"

"निसर्ग."

"ते झालंच हो. नैसर्गिक आपत्ती वर छापलेलंच आहे. कारण सांगा."

"निसर्गच."

"काका, निसर्गाला कोण दोष देणार? वादळ आलं होतं ना? मग त्याचं नाव सांगा."

"तेच तर सांगतोय मघापासून."

मास्कच्या आतून दोघंही ओरडत होते. शेवटी त्या माणसाने रकान्यात 'जोराचा वारा' लिहिलं आणि दादाने सही केली.

पण दादाला निदान सांगायला नाव तरी होतं. भाच्याचा अभ्यासिकेतला मित्र लातूरकडचा. तो म्हणतो, "मामा, आमच्याकडं समुद्र न्हाई, तरी वादळ आलं की!" २०२१ च्या सप्टेंबरअखेरीची गोष्ट. बंगालच्या उपसागरातून 'गुलाब' आलं, आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं, जमिनीवर आल्यावर त्याचा जोर ओसरला आणि नियमाप्रमाणे नावही गळून पडलं. उरलेलं बिननावाचं ढगांचं लटांबर तेलंगणातून मराठवाड्यात शिरलं, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात घालून पुढे अरबी समुद्रात उतरलं. तिथे पुन्हा बाळसं धरलं आणि कतारने दिलेलं नवं नाव मिळालं, 'शाहीन'. त्या नावाने ते ओमानला गेलं. "म्हंजे बघा," तो पोरगा म्हणाला, "नाव आंध्राला, नाव ओमानला, आन् मधलं पाणी तेवढं आमाला."

या नावांच्या बाजारापासून पूर्ण अलिप्त असलेला माणूस मला श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात भेटला. जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून विणत बसला होता. समुद्राचा रंग मलाही बरा वाटत नव्हता. विद्वत्ता दाखवायला मी विचारलं, "नाखवा, येतंय त्याचं नाव ऐकलंत का?"

"नाव टीव्हीवाल्यास्नी," तो मान वर न करता म्हणाला. "तुमी येताना बंदरावरनं आलाव ना? बावटा कितीचा लावलाय?"

मी बंदरावर भेळ खाल्ली होती, फोटो काढले होते. बावटा पाहिला नव्हता.

"तीनचा आसल," तो स्वतःशीच म्हणाला आणि होडी वर ओढायला पोरांना हाक मारली.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, तर त्याने एकच विचारलं, "बावट्यांवर प्रश्न येतो का हो?"

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या तज्ज्ञांनी शोध लावला, की भारताच्या यादीसाठी सर्वसामान्य नागरिकही दिल्लीच्या हवामान खात्याला नाव सुचवू शकतात. झालं, सोसायटीची खास सभा भरली. विषयपत्रिकेवर दोन विषय: पहिला, टाकीचं नवं झाकण, दुसरा, वादळासाठी मराठी नाव. सर्वानुमते दुसरा विषय आधी घेतला.

खजिनदारांनी 'तुतारी' सुचवलं. राजकारण नको, म्हणून ते लगेच खाली बसवण्यात आलं. कुणीतरी 'सोसाट्याचा वारा' म्हणालं. ते आठ अक्षरांत मावेना. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "सासूबाई." बोटं मोजली, इंग्रजीत सात अक्षरं, चपखल. स्त्री-पुरुष भेदाच्या अटीकडे काणाडोळा करायला सभा जवळपास तयार झाली होती. पण तज्ज्ञांनी नियम वाचून दाखवला, की आपल्या समुद्रात एकदा आलेलं नाव पुन्हा येत नाही. वहिनींनी आपणहून नाव मागे घेतलं. म्हणाल्या, "मग नको. आमच्या दर दिवाळीला येतात."

शेवटी सेक्रेटरींनी 'वावटळ' पुढे केलं. छोटं, देशी, निरुपद्रवी. टाळ्या पडल्या. सर मात्र उभे राहिले.

"ओमानचा निवेदक ळ म्हणेल का?"

"नाही म्हणणार, सर. वावटल म्हणेल."

"आणि दिल्लीचा?"

कुणी काही बोललं नाही.

"मग ळ ची लेखी हमी मिळाल्याशिवाय माझी सही मिळणार नाही," असं म्हणून सर चप्पल घालून निघाले. त्यांच्यामागे गणसंख्याही गेली, आणि टाकीच्या झाकणाचा विषय वेळेअभावी पुढील सभेवर ढकलण्यात आला.